वक्रनळीवाले सर

समुद्राचे मासे पाळतो म्हटलं की परभणीत लोक आधी विचारतात, "जगतात का इथं?" जगतात. मासे जगतात, माणसाची अब्रू जाते. गेल्या तीन-चार वर्षांत असे किस्से इतके साचलेत की चहाला बसलो की कुणीतरी म्हणतंच, "सर, तो पाण्याचा सांगा." मी सांगतो, सगळे हसतात, मीही हसतो. घरी आल्यावर मात्र लक्षात येतं, की प्रत्येक किश्शात चूक माझीच आहे.

आमचं टोळकं तिघांचं. मी शाळेत विज्ञान शिकवतो. रहीमचाचांचं काचेचं दुकान आहे, टाक्या तेच बनवून देतात. आणि पेडगावचा गौतम, माझा जुना विद्यार्थी, आता प्लंबर.

या छंदात खरा घोळ पाणी उतरवण्याचा. शोभेच्या टाकीखाली दुसरी टाकी असते. वरचं जादा पाणी तिच्यात उतरतं, तिथं गाळलं जातं आणि मोटार ते परत वर चढवते. उतरवायचं कसं? एक तर काचेला भोक पाडून पाइप बसवायचा, नाहीतर काठावरून वाकडी नळी सोडायची. पुस्तकातली वक्रनळी.

चाचा म्हणाले, "सुराख मार लेव मास्टर, फिकर नै."

मी म्हणालो, "काच तडकली तर? आणि चाचा, वक्रनळी मी बावीस वर्षं शिकवतोय."

चाचांनी काचेवरची धूळ पुसली. "किताबमें लाइट नै जाती, मास्टर."

*

गौतमनं चाचांचं ऐकलं. त्यानं तर टाकीला दोन भोकं पाडून घेतली. हॉटेलात चारचौघांसमोर मी त्याला म्हणालो, "अरे, टाकी केलीस का चाळणी?" सगळे हसले.

तो बशीकडे बघत म्हणाला, "एक तुंबलं तर दुसरं असावं सर. तुमीच सांगितलं व्हतं, एकाच निरीक्षणावर विसंबू नये म्हणून."

सगळे पुन्हा हसले. या वेळी माझ्यावर.

*

एका रविवारी आमच्या मुख्याध्यापक मॅडम टाकी बघायला घरी आल्या. मी उभा राहून वर्गात शिकवावं तसं सगळं समजावून सांगत होतो, तेवढ्यात लाइट गेली. दहा मिनिटांनी आली. मधल्या वेळात नळीच्या वाकात हवा शिरली होती. पाणी खाली उतरेना आणि मोटार तर वर ढकलतेय. काठ भरला, पाणी थेट मॅडमच्या पायांवर.

मी म्हणालो, "मॅडम, हेच दाखवायचं होतं. हवा शिरली की वक्रनळी बंद पडते."

मॅडमनी पाय सोफ्यावर घेतले. "समजलं सर. आता मोटार बंद करा."

सोमवारपासून शाळेत माझं नाव पडलं, वक्रनळीवाले सर.

*

मग उलटाच प्रकार सुरू झाला. लाइट गेली की मोटारीच्या नळीतून वरचं पाणी माघारी यायचं आणि खालची टाकी भरून वाहायची. चाचांनी उपाय सांगितला: पाण्याच्या रेषेलगत नळीला बारीक छिद्र पाडा, हवा शिरली की माघारी येणं थांबतं. एकदाचं मी त्यांचं ऐकलं. पंधरा दिवस छान गेले. सोळाव्या दिवशी पुन्हा घरभर पाणी.

नीट बघितलं, तर छिद्रावर एक गोगलगाय चिकटून बसलेली.

माझी बायको सुषमा फरशी पुसता पुसता म्हणाली, "तिला तरी कळतंय, पाणी कुठून जातंय ते."

*

आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. खाली मंगलताई. त्या ब्लाऊज शिवतात, साड्यांना फॉल-पिको करून देतात. सहा महिन्यांपूर्वी घरमालकानं आमच्या मोरीची पाइपलाइन बदलून घेतली होती, ती गौतमनंच बसवलेली.

पुतण्याच्या साखरपुड्याला आम्ही सोनपेठला गेलो होतो. दुपारी परत आलो तर खोलीभर पाणी. वक्रनळी पुन्हा बंद पडली होती. आम्ही दोघं पुसायला लागलो. सगळं कोरडं होत आलं, तेवढ्यात मंगलताई वर आल्या.

"सर, आमचं छत गळायलंय. फॉल लावायला आलेला नवरीचा शालू भिजला. रविवारी लग्न हाय तिचं."

माझ्या हातात ओलं फडकं होतं. ते मी पाठीमागे धरलं.

"मोरीची पाइपलाइन असेल," मी म्हणालो. "गौतमनं बसवलेली ना."

इतकं सहज तोंडातून गेलं. सुषमानं माझ्याकडे बघितलं आणि ती आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी गौतम आला. मंगलताईंनी माझ्यासमोर त्याला फैलावर घेतलं. "लोकाच्या लेकीचा शालू हाय तो. असं काम करतेत व्हय?" त्यानं पिशवीतून छिन्नी-हातोडी काढली. मोरीची फरशी उकरली. सगळे जोड कोरडे. मग खाली जाऊन छत बघितलं. ओल जिथं सुकली होती, तिथं पांढरी पुटं चढली होती. त्यानं थोडी पूड बोटावर घेतली, जिभेला लावली आणि माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघत होतो.

"एक जोड ढिला व्हता ताई," तो म्हणाला. "माझीच चूक."

फरशी पुन्हा बसवून त्यानं पिशवी उचलली. एरवी निघताना "जय भीम सर" म्हणायचा. त्या दिवशी नुसतं "येतो" म्हणाला.

शालूवरचे डाग निघाले नाहीत. मंगलताईंनी त्या डागांवर जरीची वेल काढून तो नवरीकडे पोचता केला.

चार दिवस मी वर्गात फळ्याकडेच तोंड करून शिकवलं. पाचव्या दिवशी टाकी चाचांकडे भोक पाडायला दिली आणि मासे बादलीत घेऊन पेडगावला गेलो. गौतमच्या दारातच माफी मागितली. त्यानं बादली हातातून घेतली. "जाऊ द्या सर. तुमाला पोरांपुढं उभं राहावं लागतंय."

तिथून तसाच मंगलताईंकडे आलो. त्या मशीनवर होत्या. मी सगळं सांगितलं, फडक्यासकट. मशीन चालूच राहिलं.

"ठाऊक हाय सर," त्या म्हणाल्या. "मोरीचं पाणी वाळल्यावर कापडावर मीठ उरतंय का?"

मी विचारलं, "मग त्या दिवशी गौतमला एवढं का बोललात?"

त्यांनी दातानं दोरा तोडला.

"तुमी मधी बोलताव का, ते बघायलते."