जुळलं का, ते आधी सांगा

त्या शुक्रवारी नोंदवहीत केलेली बरोबरची खूण माझी होती. ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा नाही. पण ज्यांच्या माथी ती खूण आली, त्या बाईंची ओळख करून दिल्याशिवाय तुम्हाला तिचं मोल कळायचं नाही.

बाई फोन कानाला लावायच्या आणि नमस्कार-चमत्कार न करता विचारायच्या, "जुळलं का, ते आधी सांगा." वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायला फोन केलेल्या भाच्यालाही म्हणे एकदा त्यांनी हेच विचारलं होतं.

आमची संस्था लहान मुलांचे कान तपासून त्यांना श्रवणयंत्रं देते. मुख्य केंद्र ठाण्यात, वर्तकनगरला. दुसरी दोन डोंबिवलीत आणि कल्याणात. मी व्यवस्थापक, आणि संगणकांचं सगळं बाई बघायच्या. तिन्हीकडे त्याच नोंदींची एकेक प्रत असायची. एकीकडे काही बदललं की संध्याकाळी ते बाकी दोन्हीकडे जायचं. कल्याणची इंटरनेट लाइन मात्र अगदी बारीक. बाजारातल्या त्या जुन्या इमारतीत दुसरी मिळतच नव्हती.

मी नवा असताना त्यांना विचारलं होतं, "तिन्हीकडे तेच आहे ना? मग वर आणखी वेगळा बॅकअप कशाला?"

"तिन्ही नणंदांनी एकच गोष्ट सांगितली म्हणून ती खरी होते का, सर? एकीनंच उठवलेली असते."

म्हणजे एका ठिकाणी चूक झाली की संध्याकाळपर्यंत तिन्ही ठिकाणी तीच चूक. म्हणून बाई दर शुक्रवारी आधी तिन्ही प्रती जुळतात का ते बघायच्या आणि मगच एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून कपाटात ठेवायच्या.

आता, एवढ्याशा लाइनवरून सगळ्या नोंदी मागवून जुळवणार कशा? याचं मला फार कुतूहल होतं. बाई नोंदी मागवायच्याच नाहीत. संगणक सगळ्या नोंदी चाळून त्यांचा एक छोटा सांकेतिक क्रमांक काढून देतो. आत एक आकडा जरी वेगळा असला तरी तो क्रमांक पार बदलतो. बाई तेवढाच क्रमांक फोनवर वाचून घ्यायच्या. त्यात आकडे असतात आणि इंग्रजीतली पहिली सहा अक्षरं. फोनवर बी, सी, डी, ई सगळं सारखंच ऐकू येतं. कानांच्या दवाखान्यात ही तऱ्हा! म्हणून बाईंनी अक्षरांना नावं दिली होती: एरंड, बटाटा, सीताफळ, डाळिंब, ईडलिंबू, फणस.

कल्याणला भोईर असायचे. तिथलेच, निवृत्तीला आलेले. त्यांच्याशी बाईंचं चाललेलं ऐकण्यासारखं असायचं.

"फणस, सात, सात, बटाटा... गो ताई, आज फणस जास्तीच हाईत!"

"गरे नंतर काढा, भोईर. पुढचा आकडा."

भोईर आकडा शोधत चाचपडायचे, पण बाई मध्ये एक शब्द बोलायच्या नाहीत. मी एकदा म्हटलं, तुमच्यासमोर ठाण्याचा क्रमांक आहेच, पुढचं सुचवा की. त्या म्हणाल्या, "मी सुचवलं तर ते हो म्हणतील. मग जुळेलच."

शेवटी वहीत तो अख्खा क्रमांक त्या हाताने उतरवायच्या. नुसती खूण त्यांनी कधीच केली नाही.

एका वर्षी कल्याणला तपासणी शिबिर झालं. तीसेक मुलं, बहुतेक तीन-चार वर्षांची. इतक्या लहान मुलाच्या ऐकण्याचा आलेख एका बैठकीत निघत नाही. आवाज आला की मणी वाटीत टाकायचा, असा खेळ खेळत दोन-तीन वेळा बसवावं लागतं. त्याच आठवड्यात सासूबाईंच्या वर्षश्राद्धासाठी बाई गावी गेल्या. जाताना अक्षरांच्या त्या नावांची चिठ्ठी मला देऊन म्हणाल्या, "नाही जुळलं तर कल्याणची पूर्ण प्रत मागवा, सर. काहीही असू दे."

शुक्रवारी भोईरांनी क्रमांक वाचला. तिसऱ्याच अक्षराला माझ्याकडे सीताफळ होतं, त्यांच्याकडे नऊ. शिबिराच्या गर्दीत लाइन तुंबून काही नोंदी तिथेच राहिल्या होत्या. पूर्ण प्रत मागवायची तर लाइन दोन दिवस अडकणार. आणि शनिवारी देणगीदार यायचे होते. ठाण्यात बसून कल्याणच्या मुलाचं यंत्र कसं लावतो ते मी त्यांना त्याच लाइनवरून दाखवणार होतो.

"जमला का, सायेब?" भोईरांनी विचारलं.

"जमला," मी म्हणालो, आणि वहीत खूण केली. सोमवारी मागवू असं ठरवलं. सोमवारी दुसरंच काहीतरी निघालं. बुधवारी कल्याणच्या संगणकाची डिस्क कायमची बंद पडली. शिबिराचे आलेख ना ठाण्यात होते, ना डोंबिवलीत, ना कपाटात.

बाई परतल्यावर विश्वस्तांची बैठक झाली. एकांनी वही त्यांच्यापुढे सरकवली. "गावी जायच्या घाईत आधीच खूण करून गेलात वाटतं?"

बाईंनी वही पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. नुसत्या थांबल्या. मी पाण्याचा ग्लास उचलला.

तो खाली ठेवला तेव्हा त्या म्हणाल्या, "वहीची जबाबदारी माझी आहे." विश्वस्तांनी तो कबुलीजबाब धरला. संगणकांचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं. हलगर्जीचा ठपका ठेवणारा अहवाल मीच लिहिला, चांगल्या मराठीत.

त्या का बोलल्या नाहीत, याचा मी अजून विचार करतो. माझी नोकरी वाचवली? की मानी होत्या? मला वाटतं, भोईरांसारखंच मलाही सुचवायचं नाही, एवढंच त्यांनी ठरवलं होतं.

पुढचा महिनाभर त्यांनी मुलांच्या घरी फोन करून त्यांना पुन्हा तपासणीला बोलावलं. "परत? मागच्या वेळी दोन दिवस खाडा झाला माझा," एक आई त्यांच्यावर ओरडली. बाईंनी तिचीही माफी मागितली. शेवटच्या दिवशी मी कल्याणला गेलो, तेव्हा त्या काचेपलीकडे एका मुलीशेजारी जमिनीवर बसल्या होत्या. मुलीच्या मुठीत मणी होता. आवाज आला असावा, कारण तिने मणी वाटीत टाकला आणि बाईंकडे पाहून हसली. बाईंनी टाळी वाजवली. मी आत गेलो नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत. आता दिवा स्टेशनजवळ राहतात. भोईरही निवृत्त झाले. मी त्याच खुर्चीवर आहे.

विश्वस्तांना मी एक पत्र देणं लागतो: प्रती जुळत नव्हत्या, हे मला माहीत होतं. खूण माझी आहे. बाईंवरचा ठपका काढा. ते पत्र मी अजून दिलेलं नाही.