दुखतो की सुटतो?

माझे नाव यशवंत धोंडू पाटकर, वय शहात्तर. हयात छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेली. शाळा सातवीपर्यंत, पुढचे सारे वाचून. दुखणे एकाच गुडघ्याला, पण त्यापायी किस्से मात्र पोतेभर जमले!

भाईंदर पश्चिमेला वाचनालयापाशी रिक्षातून उतरताना पाऊल अडकले, अंग वळले आणि आत 'टक्' झाले. रिक्षावाला म्हणाला, "चाचा, मोच है, बाम लगाओ." आमच्या मजल्यावर संध्याकाळपर्यंत आणखी चार निदाने झाली. एकाने तर सारा दोष कढीला दिला!

डॉक्टरांसाठी मी दोन पानी वृत्तान्त लिहिला. आरंभ असा : 'दक्षिण जानुसंधीत तीव्र वेदना', म्हणजे उजवा गुडघा फार दुखतो. ते तरुण डॉक्टर बराच वेळ वाचत राहिले. मग आदराने म्हणाले, "आजोबा, साऊथला कुठे गेला होतात?"

एक्स-रेत हाडे ठीक निघाली. "वय झालं. जिने बंद करा," ते म्हणाले. वाचनालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.

शेजाऱ्यांनी व्यायामासाठी फिजिओथेरपीच्या नेहाताईंकडे पाठवले. दारावरच्या पाटीत ऱ्हस्व-दीर्घाच्या तीन चुका. मी पेन काढले. त्या म्हणाल्या, "काका, पाटी नंतर. आधी पाय!" अशी शिस्त मी आमच्या फोरमननंतर प्रथमच पाहिली.

तिथे उत्तनच्या सिसिलियाबाई खांदा शेकायला येत. सुकी मासळी विकणाऱ्या, आवाज खणखणीत. मला उगाच 'मास्तर' म्हणत. पायऱ्या उतरताना माझा पाय लटपटला, ते त्यांनी पाहिले.

"मास्तर, गुडघा दुखतो का सुटतो?"

"बाई, गुडघा सुटत नाही. सुटते ती गाठ."

"तेच बोलते ना मी! गाठ सुटली तं होडी वाऱ्यावर जाते, न्हाय का?"

नेहाताईंच्या हातातला शेकाचा पट्टा थांबला. त्यांनी मला आडवे केले, गुडघा वाकवला आणि नडगी हलकेच पुढे ओढली. ती नको तितकी सरकली!

"काका, पाय असा सुटतो हे इतके दिवस सांगितलं का नाहीत?"

"शब्द अशुद्ध वाटला."

सिसिलियाबाई खांद्याचे दुखणे विसरून हसल्या.

नेहाताईंनी मला हाडांच्या डॉक्टरांकडे धाडले. एमआरआयत लिगामेंट फाटलेले निघाले. गुडघ्याला आधाराचा पट्टा आणि व्यायाम सुरू झाले. चार महिन्यांनी मी वाचनालयाचा जिना एकट्याने चढलो.

माझ्या केसपेपरवर 'गुडघा सुटतो' असे लिहिले आहे. मी ते दुरुस्त केलेले नाही.