नारू शेणवीचं पान

अमेरिकेतल्या पार्सिपनीच्या डॉक्टर शैलाताई निवृत्त झाल्या आणि चक्क एका आर्चबिशपच्या नादी लागल्या. तोही साडेचारशे वर्षांपूर्वी गोव्यात मेलेला!

कारण झाला कुलवृत्तांत. घराण्याच्या साऱ्या पिढ्यांचा तो जाडजूड ग्रंथ त्यांचे थोरले भाऊ बाळकाका रचत होते. मूळपुरुष नारू शेणवीने आर्चबिशपच्या शिपायांपासून कुलदेव वाचवला, टोपलीत घालून नदीपार नेला, ही गोष्ट ते जन्मभर अभिमानाने सांगत आले होते. आता कॅन्सरमुळे त्यांनी अंथरूण धरलं होतं आणि मरण्यापूर्वी त्यांना पुरावा हवा होता. भावासाठी शैलाताई सत्तरीत पोर्तुगीज शिकल्या.

आर्चबिशप दों बेल्शियोरचं चरित्र त्यांना तोंडपाठ झालं. चांभाराचा पोर, मठात वाढला, पन्नाशीत गोव्यात उतरला. दुष्काळात स्वतःच्या ताटातलं वाटलं आणि त्याच हातांनी देवळं पाडण्याचे हुकूम लिहिले. शेवटी तापाने गेला. राजाला लिहिलेली त्याची पत्रं पुढे छापली गेली होती. त्यातल्या एका पत्रात नारू भेटला. देव लपवल्याची जागा शिपायांना नारूनेच दाखवली होती. बदल्यात बायकोपोरांसह नदीपार जायची परवानगी मिळवली होती.

"शैले, सापडलं का गं?" बाळकाकांनी विचारलं.

"सापडलं, दादा. नारूनेच देव वाचवला."

बाळकाका आनंदाने रडले. मग हट्टच धरला, पत्राचं ते पान जसंच्या तसं ग्रंथात छापायचं. आपल्यात पोर्तुगीज कोण वाचतंय, असं म्हणून शैलाताईंनी छापू दिलं. एवढी शिकलेली बाई, पण इथे अक्कल गहाण पडली.

ग्रंथ आला. बिछान्याभोवती सगळे जमले. बाळकाकांच्या नातीने, सलोनीने, त्या पानावर फोन धरला.

"वेट आजोबा, फोन ट्रान्सलेट करतोय."

आणि ती इंग्रजीत खणखणीत वाचत सुटली. नारूचं नाव, दाखवलेली जागा, फोडलेला देव, मिळालेली परवानगी. आपण काय वाचलं हे तिला कळलं, तोवर पान संपलं होतं.

"तुला ठाऊक होतं?" बाळकाकांनी बहिणीला विचारलं.

"हो, दादा."

"भाऊबंदांकडे किती प्रती गेल्या?"

"सगळ्या."

बाळकाकांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. पुढे अकरा दिवस ते जगले. शैलाताई रोज येऊन उशाशी बसत. बहिणीच्या हातून त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नाही.