इंदू म्हणाली, तारेचंच चाक

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघं चाक बघायला गेलतो. मी आणि माझी बायको इंदुमती. गाडी ठरली होती, रंग ठरला होता, नावही नोंदवून झालं होतं. चाक तेवढं राहिलं होतं. पुढं चोचीसारखा पत्रा असलेली ती उंच फटफटी असते बघा, डोंगरात, चिखलात चालवायची, तरणी पोरं घेतात ती... तीच. मी सत्तरीला टेकलेला आणि इंदूचे गुडघे गेलेले, तरी आम्हाला तीच पाहिजे होती. शोरूममध्ये सारख्या दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. एकीला तारांची चाकं, दुसरीला ओतीव, ज्याला आता सगळे अलॉय म्हणतात. तिथला सेल्समन कन्नड बोलणारा, चांगला हसरा माणूस. कुठलं पाहिजे म्हणून त्यानं विचारलं, "अंकल, स्पोक बेकेन्री, अलॉय बेकेन्री?" मी म्हटलं अलॉय. त्याच दमात इंदू म्हणाली, "तारंचं." सेल्समन खो खो हसला. "मन्याग जगळा माड्री, नाळे हेळ्री," म्हणाला. घरात जाऊन भांडा आणि उद्या सांगा. आम्ही पण हसलो, उद्या सांगतो म्हणालो आणि अनगोळला घरी आलो. जेवलो. जेवताना भांडलो. दुपारी ती दोरीवरचे कपडे काढून आणून खाटेवर बसून घड्या घालत होती. "अवो, डोसकं..." एवढं म्हणाली आणि कपड्यांवरच कलंडली. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूतली शीर फुटली, इथं यायच्या आधीच गेल्यात. दिवस मावळायच्या आत सगळं उरकलंसुद्धा. सकाळी जी बाई माझ्याशी चाकावरनं भांडत होती ती संध्याकाळी नव्हती. आता कितीतरी दिवस झाले, पण अजून मला हे एका जागी ठेवता येत नाही. सकाळ वेगळी राहते आणि संध्याकाळ वेगळी. त्यांचा सांधा बसत नाही.

हे पेपरात लिहायचं कारण सांगतो. ती गाडी आता माझ्या दारात उभी आहे. जाणारे-येणारे बघतात. तोंडावर कोण बोलत नाही, पण कानावर येतं. बायकोचं तेरावं झालं न झालं तोवर म्हाताऱ्यानं फटफटी आणली, म्हाताऱ्याला पंख फुटले. माझी लेक मंगल निपाणीला दिली आहे. तिच्या सासरपर्यंत बोलणं पोचलं. तिनं फोनवर सांगितलं, "आप्पा, परत करा की ती गाडी. आई न्हाय तर कुणासाठी ठेवलीया? लोकं काय बी बोलाय लागलीत." मी काय सांगणार? मला नीट सांगता येत नाही, बोलायला गेलं की भांडल्यासारखं होतं. म्हणून लिहितो. ज्याला काय म्हणायचंय त्यानं हे वाचून म्हणावं.

गाडीची हौस माझी नव्हती, इंदूची होती. काही वर्षांमागं आम्ही कणकुंबीला देवीला गेलतो, बसनं. येताना बस जंगलातच बंद पडली. सगळे उतरून कडेला बसलो. तेवढ्यात मागनं तसली एक उंच गाडी आली. चालवणारा पांढऱ्या दाढीचा, आणि मागं एक पांढऱ्या केसांची बाई, पाठ ताठ करून, राणीसारखी बसलेली. त्यांनी रस्ता सोडला, कडेच्या चिखलातनं आमच्या बसला वळसा घातला आणि झाडात दिसेनासे झाले. इंदू तिकडंच बघत राहिली.

"अवो, त्या म्हातारीला बघितलंसा?"

"बघितलं की."

"मग?"

"मग काय?"

"काय न्हाय."

हे 'काय न्हाय' पुढं कितीतरी वर्षं चाललं. मोपेडवर मागं बसताना, भाजी आणायला जाताना, कुठं लग्नाला जाताना. तिचं तरी काय चुकलं? माझं पंक्चरचं दुकान. सारा जन्म ती माझ्या मोपेडवर बसली ती खांद्यावर ट्यूबा अडकवून. नवी साडी नेसली तरी तिच्यावर रबराचा काळा वळ असायचाच. एकदा बोललीच ती. "तुमच्या मोपेडवर माझं कंबरडं मोडलं. आता तरी उंचावर बसवा. न्हायतर मी उंचावर चढणार ती चौघांच्या खांद्यावरच." हसत बोलली होती. मी पण हसलो होतो... आणि त्याच आठवड्यात आम्ही जाऊन गाडीला नाव लावून आलो.

आता चाकाचं सांगतो. माझं म्हणणं सरळ होतं आणि आजही तेच आहे. तारेच्या चाकात ट्यूब असते. कणकुंबीच्या जंगलात पंक्चर झालं तर चाक उतरवा, टायर सोडवा, ट्यूब काढा, ठिगळ लावा, सगळं परत चढवा. माझे हात आता तेवढं ओढत नाहीत. ओतीव चाकाला ट्यूब नाही. भोकात चिकट दोरी खुपसायची, हवा मारायची, चला. जन्मभर पंक्चर काढलेल्या माणसाला पंक्चरची भीती वाटणारच. इंदूचं म्हणणं दुसरं होतं. ती वडगावची, मागवाल्यांच्या घरातली. लग्नाआधी बापाच्या मागावर बसायची, लग्नानंतर दुसऱ्यांच्या पॉवरलूमवर गेली. मागावर ताण्याचे धागे पसरलेले असतात ना, त्यांच्यावरनं ती न बघता तळहात फिरवायची. ढिला पडलेला धागा हाताला लागतो. तुटला तर तेवढाच सांधायचा, बाकीचे आपले ताणून उभेच असतात. ही सवय ती माझ्या दुकानात पण घेऊन आली. डबा द्यायला आली की मी जेवून होईतोवर दुरुस्तीला आलेल्या सायकलच्या चाकाशी बसायची आणि तारा नखानं वाजवत बसायची. टिंग, टिंग, टिंग... मग एखादी थप्प. "ही ढिली हाय बघा." दर वेळी बरोबर असायचं असं काही नाही. कधी चांगली तार पिळून चाक पार वाकडं करून ठेवायची, मग मला ते परत सरळ करत बसावं लागायचं. मी ओरडलो की म्हणायची, "तुमालाच काम लावलं, न्हायतर बसला असतासा माशा मारत."

शेवटच्या जेवणाला तेच भांडण. भाकरी मोडता मोडता मी म्हटलं, "इंदे, जंगलात पंक्चर झालं तर चाक कोण उतरवणार? तुझा बा?"

"तुमीच. मी हवा मारीन."

"आणि तुझे गुडघे?"

"बसून मारीन. तुमचं ते ओतलेलं चाक दगडावर आपटून चिरलं तर काय करशीला? चिकट दोरी लावशीला?"

"चिरतंय कशाला? मी काय दगडं बघून आपटणार हाय?"

"सांगून चिरत न्हाय ते. तार कशी, ढिली झाली की कुरकुरती, एक तुटली तर बाकीच्या धरून ठेवत्यात, तेवढ्यात माणूस घराला येतंय. तुमचं ते तव्यासारखं. आत काय झालंय कळायचं न्हाय, एकदम खटकन..."

आणि मला आमटी वाढली. आमटी जरा खारट होती. ते मी बोललो. बायकोशी शेवटचं बोललो ते हे, आमटी खारट झालीया म्हणून. त्याचं मला वाईट वाटत नाही, खारट होती. पण 'एकदम खटकन' म्हणणारी बाई तासाभरात तशीच जाते, ह्याला काय म्हणायचं? कधी डोकं दुखतंय म्हणाली नाही. कधी चक्कर नाही, कुरकुर नाही. गुडघ्याची तक्रार रोजची, पण गुडघ्यानं कोण मरत नाही. दवाखान्यात मी डॉक्टरला तेच परत परत विचारत होतो, आधी काय तर कळायला पाहिजे होतं की न्हाय? ते म्हणाले, काही वेळा कळत नाही. मी म्हटलं, असं कसं, सकाळी तिनं दोन्ही गाड्यांच्या चाकांत बोटं घालून बघितलीत. ते पुढच्या पेशंटकडं वळले. त्यांना त्या चाकांचं काय माहीत?

दुसऱ्या दिवशी सकाळी घर बायकांनी भरलं होतं. मंगल भिंतीला टेकून बसल्या जागी झोपली होती. सुतकात दुसऱ्याच्या दारात जायचं नसतं, शिवायचं नसतं, हे मला कळत नव्हतं असं नाही. लहानपणापासनं पाळत आलोय. पण डोक्यात एकच होतं, त्या माणसाला उद्या सांगतो म्हणालोय, आणि आज उद्या झाला. मी चपला घातल्या, मोपेड काढली आणि निघालो. कुणी हटकलं नाही, त्यांना वाटलं पुढच्या तयारीला निघालाय. शोरूमचं शटर नुकतंच वर गेलं होतं. मी आत गेलो. कालच्या त्या दोन्ही गाड्या तिथंच उभ्या होत्या. सेल्समननं मला बघितलं आणि लांबनंच हसत हात वर केला.

"बर्री अंकल, बर्री! आंटी यल्ली?"

"घरात हाय," मी म्हटलं. तोंडातनं तसंच आलं.

"मग कोण जिंकलं?"

"ती," मी म्हटलं. "तारंचं लिवा."

तो मान हलवत, हसत खुर्चीवर बसला. पंक्चरचं काय करणार म्हणून त्यानं विचारलं नाही, मी पण सांगितलं नाही. त्यानं कॉम्प्युटरवर काहीतरी लिहिलं. मग विचारलं, "अंकल, गाडीवर तुम्ही एकटेच बसणार, की दोघं? मागची स्प्रिंग त्याप्रमाणं लावून देतो."

"दोघं," मी म्हटलं.