गिदोनचं रक्त

आमचे हे, म्हणजे गिदोन, कर्जतच्या बाजारात पंक्चर काढतात. पण चर्चच्या मंडळीत त्यांची ओळख माईकवरची. नाताळच्या आठवड्यात चर्चच्या आवारात रक्तदान शिबिर भरलं की सकाळपासून ह्यांचाच आवाज. "प्रभूनं आपल्यासाठी रक्त सांडलं, अन् तुमी एक पिशवी द्यायला कचरता व्हय?" लोक हसत, लाजत खाटेवर जाऊन झोपायचे.

स्वतः मात्र कधी झोपले नाहीत. का, ते फक्त मलाच ठाऊक. ह्यांच्या आतड्याला सूज असते, जुना आजार. संडासवाटे रक्त पडतं, गोळ्या कायमच्या. पण तसल्या जागेचं दुखणं सांगायचं म्हटलं की माणसाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "कुठं बोललीस तर बघ," अशी मला तंबी.

यंदा ह्यांचा धाकटा भाऊ जोएल रक्त देऊन, हाताला कापूस दाबत आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "दादा, दुसऱ्यालाच किती दिवस ढकलनार? आज तू झोप." टाळ्या पडल्या. हे हसले आणि खरंच की हो, जाऊन बसले डॉक्टरीणबाईंसमोर. मागं रांग उभी. बाईंनी विचारलं, "काही आजार? गोळ्या चालू आहेत?"

"न्हाई," हे म्हणाले.

माझा जीव थाऱ्यावर राहिना. ते रक्त कुणाच्या तरी अंगात जाणार, बाळंतिणीच्या नाहीतर एखाद्या लेकराच्या. नवऱ्याची लाज झाकत बसू का? मी पुढं झाले. "बाई, खोटं बोलत्यात हे. आतड्याचा आजार हाय, रक्त पडतं, गोळ्या चालू हायत." बोलता बोलता माझंच तोंड तापलं. "मग तुम्हाला देता येणार नाही, दादा," बाई हळूच म्हणाल्या. हे उठले आणि चर्चच्या मागं जाऊन बसले.

मी गेले तर माझ्याकडं बघेनात. "चारचौघांत नागडं केलंस," एवढंच बोलले. शरमेनं मला तिथं उभं राहवेना, अन् जाववेनाही.

तेवढ्यात जोएल आला. तोंड उतरलेलं. "दादा, मला बी पडतं रे. दोन सालं झाली. न्हाई दिलं तर लोक इचारतील, म्हनून देत आलो."

हे उठले, भावाचं मनगट धरलं आणि त्याच रांगेतून, सगळ्यांच्या नजरा झेलत, त्याला बाईंकडं घेऊन गेले. ह्यांची मान काही वर झाली नाही.

"बाई, ह्याची पिशवी बाजूला काढा," ते म्हणाले. "आमच्या घरात दोघांना हाय."