धुराड्याची खूण

तांडेलांना एका जागी बसवत नव्हतं. होडीच्या टोकाला जायचे, परत यायचे, गळाची गाठ सोडून पुन्हा मारायचे. सुकाणूवरची लेक शेवटी म्हणाली, "बाबा, पायाला भिंगरी लागलीये का?"

बसतील कसे? सोमवारी बंदराच्या कचेरीत डोळ्यांची तपासणी होती, आणि तिथे काय निघणार हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. परवाना गेला की होडी गेली. त्याआधी एक तरी कुपा मासा त्यांना स्वतः कडा शोधून काढायचा होता.

कडा म्हणजे पाण्याखालचा खडक. वर सपाट, मग एकदम खोल. तिथे बारीक मासळी जमते आणि तिच्या मागावर कुपा येतो. दीपगृहाआड गिरणीचं धुराडं गेलं आणि टेकडीच्या टोकाला पाण्याची टाकी आली, की खाली कडा. ही खूण त्यांनी तीस वर्षं कुणाला सांगितली नाही. सख्ख्या भावाला तर अशी खोटी सांगितली, की तो बिचारा आठवडाभर चिखलात गळ टाकत बसला. लेकीलाही नुसतं "डावीकडे", "उजवीकडे", "थांब".

"खूण दिसतेय का?" लेकीने विचारलं.

"दिसतेय म्हणजे काय! ठसठशीत." समोर त्यांना नुसतं दुधाळ धुकं दिसत होतं. "अजून थोडं डावीकडे."

लेकीने सुकाणू हलवलं नाही. "बाबा, धुराडं गेल्या वर्षीच पाडलं."

तांडेल खालीच बसले. "मग वर्षभर मासे कुठून आले?"

"मी आधी इंजिन कमी करते. आवाज उतरला की तुम्ही थांब म्हणता."

"चोरटी कुठली! खूण कुणी सांगितली तुला?"

"कुणी नाही. लहानपणी मला पुढे बसवायचात ना? तुम्ही जिकडे बघायचात तिकडे मीही बघायचे. आता तिथे इमारत चढतेय, तिच्या क्रेनवर जुळवते."

तांडेल उठले, बसले, परत उठले. भयंकर राग आला होता, पण तो काढायचा कुणावर? तेवढ्यात इंजिनाचा आवाज उतरला. सवयीने शब्द ओठांवर आला होता, तो त्यांनी गिळला.

"थांब म्हणा की," लेक म्हणाली.

"तूच म्हण. सोमवारी मी नाही जात. परवाना तुझ्या नावावर करून घे." मग गळाची गाठ सोडत, "काकाने खूण विचारली तर?"

"तुम्ही सांगितली होती तीच सांगेन."

तांडेलांना हसू फुटलं आणि लगेच डोळे भरून आले. "मग मी काय, घरी बसू?"

"घरी कशाला? पुढे बसा."

ते चाचपडत टोकाशी गेले आणि बसले. लेक जिकडे बघत असेल असं वाटलं, तिकडे तोंड करून.