फाटकाशी ठेवलेली वांगी

अमरावतीच्या मिशन शाळेत मी मुलांकडून ‘क्षमा म्हणजे काय’ हे घोकून घ्यायचो. पहिल्या पिकाच्या अर्पणाचा रविवार होता. एक ख्रिस्ती म्हातारा वांग्यांचं टोपलं घेऊन चर्चच्या फाटकाशी आला, थबकला आणि टोपलं तिथेच उभ्या असलेल्या माझ्यापुढे ठेवलं.

“मास्तर, जरा पाहजा. भावाले घेऊन येतो.”

“अहो, उपासना सुरू झाली!”

“देव थांबते. भाऊ चार महिने झाले, माह्याशी बोलून नाही राहिला. त्याच्याबिगर अर्पण कसं देऊ?”

शेवटचं गीत चालू असताना तो भावाला घेऊन परतला. दोघांचीही तोंडं फुगलेली.

“अजून बोलत नाही,” तो माझ्या कानाशी म्हणाला, “पण आला.”

दोघांनी दोन बाजूंनी टोपलं उचललं आणि आत गेले.

माझ्या चार ओळींच्या व्याख्येत ती फुगलेली तोंडं कुठेच नव्हती. सोमवारी वर्गात मी ती त्या व्याख्येत घातली.